स्वतःचा काटा: साखर पेठेतल्या घरात टॉरवर चालणारा बिटकॉइन नोड

आमचं सोलापूरच्या साखर पेठेतलं घर माळवदाचं. मधल्या खोलीत दीड हात जाडीच्या भिंतीत एक कोनाडा आहे. पूर्वी तिथं कंदील ठेवायचे. आता तिथं ८ जीबीचा रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक बसलाय (पुढे नुसतं 'पाय'), त्याला १ टीबीची एसएसडी जोडलीय, आणि त्यावर बिटकॉइनच्या नोंदी तपासणारं बिटकॉइन कोअर हे सॉफ्टवेअर, म्हणजे माझा नोड, फेब्रुवारी २०२४ पासून रात्रंदिवस टॉर नावाच्या, आपला पत्ता झाकणाऱ्या जाळ्यातून चालतं. हे एप्रिल २०२५ मध्ये लिहितोय. एक पूर्ण उन्हाळा, एक पावसाळा आणि गड्ड्याची यात्रा या यंत्रानं पाहिली, म्हणून आता लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर निम्मं चुकीचं लिहिलं असतं.

मी मागावर नक्षी काढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक जॅकार्डची कंट्रोल कार्डं दुरुस्त करतो. अशोक चौकाजवळ छोटं वर्कशॉप आहे. बिटकॉइनमध्ये माझी फार मोठी रक्कम नाही, तीन-चार वर्षांत थोडं थोडं करून साठवलंय. मोबाइलमधलं वॉलेट शिल्लक दाखवायचं, मला ते पुरेसं वाटायचं. मग एक दिवस लक्षात आलं की ते ॲप शिल्लक स्वतः मोजतच नाही. ते कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरला माझे सगळे बिटकॉइन पत्ते देतं आणि विचारतं, यांच्यात किती आहे? म्हणजे हे सगळे पत्ते एकाच माणसाचे आहेत, तो माणूस या आयपीवर, म्हणजे इंटरनेटवरच्या या घरपत्त्यावर, बसतो आणि त्याच्याकडे अमुक इतकं आहे, हे त्या सर्व्हरला आपोआप कळतं. शिवाय उत्तर जे येईल ते मी मुकाट्यानं खरं मानतो.

हे मला झोपू देईना, आणि त्याचं कारण अण्णा. आमचे वडील. घरात माग होते तेव्हा व्यापाऱ्याकडून सुताच्या बॅगा आल्या की अण्णा प्रत्येक बॅग स्वतःच्या काट्यावर घालायचे. व्यापारी ओळखीचा असो की पाहुण्यातला, चिठ्ठीवर वजन लिहिलेलं असो की नसो. काट्यावर घातल्याशिवाय सही नाही. व्यापारी चोर आहे असं त्यांचं म्हणणं नव्हतं. वजन आपण पाहायचं, एवढंच. बिटकॉइनचा नोड म्हणजे हाच काटा. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासून, म्हणजे व्यवहारांच्या पहिल्या गठ्ठ्यापासून, आजपर्यंतची एकूण एक नोंद तो स्वतःकडे उतरवून घेतो, नियमाला धरून आहे का ते तपासतो आणि नियमाबाहेरचं काही आत घेत नाही. त्याचे पैसे मिळत नाहीत. मायनिंग, म्हणजे नवे ब्लॉक बनवून मोबदला मिळवणं, वेगळं, हे वेगळं. भेटेल तो "काय देतं बे हे?" असंच विचारतो, म्हणून आधीच सांगितलं.

आता टॉर कशाला? लपायला, असं बहुतेकांना वाटतं. टॉर म्हटलं की लोक आवाज खाली आणतात. या तंत्राची सुरुवात १९९० च्या दशकात अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत झाली, आणि २००६ पासून ते एक ना-नफा संस्था सांभाळते. आपलं बोलणं इतरांच्या तीन संगणकांवरून, म्हणजे तीन थांब्यांवरून, जातं. पहिल्याला आपण कोण ते कळतं पण कुठं चाललो ते कळत नाही, शेवटच्याला उलटं. माझ्या नोडसाठी हे मला हवंच होतं. नोडनं एखादा व्यवहार जाळ्यात सोडला की तो पहिल्यांदा कोणत्या आयपीवरून आला यावर पाळत ठेवणारे असतात. साखर पेठेतल्या या घरात बिटकॉइन आहे हे जगाला सांगायचं मला काही कारण नाही. अण्णा आणि आई दिवसभर घरी एकटे असतात.

पण टॉर माझ्याकडे खरं टिकलं ते दुसऱ्याच कारणानं. मी सुरुवातीला साधा नोड लावायला गेलो होतो. राउटरवर ८३३३ क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडला, सगळं नीट केलं, तरी बाहेरून एकही जोडणी येईना. दोन दिवस मी स्वतःच्याच सेटिंगमध्ये चूक शोधत बसलो. शेवटी राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता वाचला. तो १००.७२ नं सुरू होत होता. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ साली खास इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवलेला आहे. म्हणजे एका सार्वजनिक पत्त्यामागं कंपनीनं कितीतरी घरं कोंबलेली, आणि माझ्या घराला बाहेरून यायला दारच नाही. जोडणी बघायला आलेला पोरगा म्हणाला, "सर, घरच्या प्लॅनला पब्लिक आयपी नाही मिळत हो. ऑफिसचा प्लॅन घ्यावा लागतो." त्याचे पैसे ऐकून मी विषय सोडला.

टॉरवर ही अडचण मुळातच उरत नाही. माझा नोड स्वतः बाहेर जाऊन टॉरमधल्या काही थांब्यांवर आपला निरोप ठेवतो. ज्याला मला भेटायचंय तो आपल्या बाजूनं तीन थांबे येतो, मी माझ्या बाजूनं येतो, आणि मधे एका ठिकाणी गाठ पडते. दोन्ही बाजू घरातून बाहेर निघालेल्या असतात, त्यामुळं राउटरवर काही उघडावं लागत नाही. कंपनीनं कितीही घरं एका पत्त्यामागं घातली तरी फरक पडत नाही. माझ्या नोडला ५६ अक्षरांचा स्वतःचा ऑनियन पत्ता, म्हणजे टॉरमधला पत्ता, आहे. तो कुणाकडे अर्ज करून मिळालेला नाही, नोडच्या स्वतःच्या किल्लीतून तयार झालेला आहे. सोलापुरात, घरच्या साध्या फायबरवर, बाहेरच्या नोडना माझ्या नोडकडून ब्लॉक मिळतात. हे पहिल्यांदा स्क्रीनवर दिसलं तेव्हा मी उठून आईला सांगायला गेलो होतो.

तिथवर पोचायला मात्र वेळ लागला. टॉर बसवलं, बिटकॉइन कोअरच्या सेटिंग फाइलमध्ये सगळं बोलणं टॉरकडे वळवणारी प्रॉक्सीची ओळ घातली, ९०५० पोर्ट दिला, आणि फक्त ऑनियन वापर असं सांगणारी ओळ घातली. नोड बाहेरच्यांशी लगेच बोलायला लागला. दहा जोडण्या बाहेर गेल्या. आत येणाऱ्या शून्य. दुसऱ्या दिवशीही शून्य, तिसऱ्या दिवशीही. बिटकॉइन कोअरमध्ये नेटइन्फो म्हणून एक आज्ञा आहे, ती एक तक्ता काढून देते: कुठल्या जाळ्यावर किती जोडण्या, आत किती, बाहेर किती, आणि सगळ्यात खाली आपला स्वतःचा पत्ता. माझ्याकडे ती खालची जागा रिकामी होती. बाहेर जायला प्रॉक्सी पुरते, पण स्वतःचा पत्ता तयार करायला नोडला टॉरच्या कंट्रोल पोर्टशी, म्हणजे ९०५१ शी, बोलावं लागतं, आणि तिथं ओळख पटवायची कुकी फाइल वाचायची परवानगी लागते. मी नोडच्या युजरला टॉरच्या गटात घातलंच नव्हतं. एका ओळीची आज्ञा दिली, नोड बंद करून चालू केला, अर्ध्या मिनिटात पत्ता उमटला. संध्याकाळपर्यंत आत सहा जण होते. आज वीस-पंचवीस असतात. तुम्ही लावणार असाल तर त्या तक्त्याची शेवटची ओळ आधी बघा, माझे तीन दिवस गेले ते तुमचे वाचतील.

सगळा इतिहास उतरवून घेणं टॉरवर फार हळू होतं. माझे अकरा दिवस गेले. साध्या इंटरनेटवर हेच यंत्र ते काम तीन-चार दिवसांत उरकतं असं पाय वापरणारे सांगतात. आधी साध्या नेटनं उतरवून घ्यायचं आणि मग टॉरवर यायचं असा मधला रस्ता आहे. तो मी घेतला नाही, कारण मग ते तीन-चार दिवस घराचा आयपी सगळ्यांना दिसतोच. तुम्हाला त्याचं काही वाटत नसेल तर खुशाल घ्या. मी डीबी-कॅश, म्हणजे नोंदी मेमरीत धरून ठेवायची जागा, ४००० एमबी ठेवला होता, त्यानं एसएसडीवरचा ताण बराच कमी झाला.

एसएसडीबद्दल एक सल आहे. एसएसडी चांगली निघाली, पण ती यूएसबीला जोडायची डबी शहरातल्या एका दुकानातून घेतली आणि ती पायशी जमेना. दर काही तासांनी ड्राइव्ह गायब. परत घेऊन गेलो तर "लॅपटॉपवर चालते ना, मग बदलून मिळणार नाही." लॅपटॉपवर खरंच चालत होती. पायबरोबर काही चिपच्या डब्या अशा त्रास देतात हे मला नंतर कळलं. दुसरी घेतली, पैसे दोनदा गेले. आणि १ टीबी घेतली ही माझी चूक. ब्लॉकचेन ६०० जीबीच्या पुढे गेलीय आणि वर्षाला ८०-९० जीबीनं वाढते, त्याशिवाय नोडच्या स्वतःच्या जोडफाइली वेगळ्याच. आज घेणाऱ्यानं सरळ २ टीबी घ्यावी. ज्याला सगळा इतिहास साठवायचा नाही त्यानं प्रूनिंग करावं, तपासणी पूर्ण होते आणि फक्त अलीकडचे ब्लॉक उरतात. काटा तोच राहतो. दुसऱ्याला जुने ब्लॉक देता येत नाहीत, एवढंच.

२० एप्रिल २०२४ ची पहाट मी विसरणार नाही. त्या दिवशी ८,४०,००० वा ब्लॉक येणार होता, म्हणजे मायनरला मिळणारे नवे बिटकॉइन ६.२५ वरून ३.१२५ वर येणार होते. मी पाचला उठून चहा घेऊन कोनाड्यासमोर बसलो. रस्त्यावर अजून दूधवालेच होते. साडेपाच वाजून गेल्यावर थोड्या वेळात लॉगमध्ये नवी ओळ आली. ब्लॉक ८,४०,०००. मी लगेच त्यातला पहिला, म्हणजे मायनरच्या मोबदल्याचा, व्यवहार उघडला. त्या दिवशी लोकांनी या ब्लॉकमध्ये जागा मिळावी म्हणून इतकी फी मोजली होती की नुसती फीच ३७ बिटकॉइनच्या वर होती. मायनरनं तीही घेतली, तिच्यावर त्याचा हक्क होता. पण नवे बिटकॉइन बरोबर ३.१२५. त्यानं एक कणही जास्त घेतला असता तर कितीही वीज जाळून तो ब्लॉक बनवला असला तरी माझ्या कोनाड्यातल्या या डबीनं तो बाहेर ठेवला असता. आणि ही डबी एकटी नाही, हजारो आहेत, प्रत्येक आपापल्या घरी हेच तपासते. अण्णा उठून आले. म्हणाले, "एवढ्या सकाळी काय तोलतोयस?" मी त्यांना आकडा दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला आणि विचारलं, "आणि जास्त लिहिलं असतं तर?" म्हटलं, "आत घेतलं नसतं, अण्णा." ते म्हणाले, "बरोबर आहे मग." ते बिटकॉइन विकत घेणार नाहीत आणि मी त्यांना घ्या म्हणणारही नाही. पण हे यंत्र काय करतं ते त्यांना माझ्या मित्रांपेक्षा लवकर कळलं.

आता सोलापूरचा उन्हाळा. सुरुवातीला यंत्र वरच्या पत्र्याच्या खोलीत होतं. मार्च संपता संपता दुपारी पायचं तापमान ८० च्या पुढे जायला लागलं, आणि ८० ला तो आपला वेग स्वतःच उतरवतो. त्यात मी वापरत होतो तो जुना मोबाइलचा चार्जर. थ्रॉटल, म्हणजे वेग उतरवलाय का ते, तपासायची आज्ञा दिली तर उत्तर आलं ०एक्स५०००५. हा आकडा दिसला की समजायचं, या क्षणी व्होल्टेज कमी पडतंय आणि वेगही कमी केलेला आहे. पायचा स्वतःचा ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर घेतला, ॲल्युमिनियमची केस घेतली आणि सगळं खाली कोनाड्यात आणलं. माळवदाच्या घरात बाहेर ४३ असलं तरी मधली खोली सोसवते. मे महिन्यात भर दुपारी ६० च्या आसपास राहिला. पंखा लावला नाही, कारण सोलापूरची धूळ पंख्यात किती बसते ते मी रोज मागाच्या कार्डांत बघतो. विजेचं म्हणाल तर सगळं मिळून ७ वॉटच्या आसपास, महिन्याला ५ युनिट.

खरा त्रास वीज जाण्याचा. घरी इन्व्हर्टर आहे, पण वीज गेल्यावर तो बॅटरीवर यायला जो क्षणभर घेतो तेवढ्यात पाय बंद पडायचा. बिटकॉइन कोअर बरंचसं काम मेमरीत ठेवून मधून मधून डिस्कवर उतरवतं, त्यामुळं असा झटका वाईट. एप्रिलमध्ये एकदा त्याचा शिलकीचा डेटाबेस खराब झाला आणि तो पुन्हा उभा करायला तीन दिवस लागले. बऱ्याच इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असतं, ते दाबल्यावर हा प्रश्न मिटला. हे बटण बहुतेक घरांत कुणी कधी दाबलेलं नसतं.

मेच्या शेवटी वळवाचा पाऊस झाला, पलीकडच्या गल्लीत झाड तारांवर पडलं, आणि वीज नऊ तास गेली. इन्व्हर्टर पहाटे संपला. सकाळी वीज आली, पाय चालू झाला, पण टॉर काही केल्या उभं राहीना. लॉगमध्ये घड्याळाची तक्रार. झालं होतं असं: पाय ४ मध्ये घड्याळाची बॅटरी नसते. बंद पडताना जी वेळ लिहून ठेवली असेल तिथूनच तो पुढे मोजतो, नंतर इंटरनेटवरून वेळ विचारून दुरुस्त करतो. आणि मी टॉरशिवाय दुसरं काहीही घराबाहेर जाऊ नये म्हणून फायरवॉलमध्ये सगळं बंद केलेलं, वेळ विचारायचा रस्तासुद्धा. टॉरला थांब्यांची यादी लागते, ती यादी दर तासाला नवी निघते आणि तीन तासच चालते. घड्याळ रात्रीत अडकलेलं, यादी सकाळची. टॉरला वाटतं यादी पुढच्या काळातली आहे. वेळ नाही म्हणून टॉर नाही, टॉर नाही म्हणून वेळ नाही. हाती वेळ घातली तेव्हा सुटलं. मग वर्कशॉपच्या खणात पडलेलं डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल काढलं, त्यात बटणसेल घातला, चार तारा पायला जोडल्या. त्यानंतर कितीही वेळ वीज गेली तरी टॉर दोन मिनिटांत उभं राहतं. पाय ५ ला घड्याळ आतच आहे, पण त्याचीही बॅटरी वेगळी घेऊन लावावी लागते. घेणार असाल तर त्याच दिवशी घ्या.

एक धोका सांगितला पाहिजे, कारण टॉरचं कौतुक करणारे तो सांगत नाहीत. ऑनियन पत्ता बनवायला काही लागत नाही, एक माणूस हजार पत्ते बनवू शकतो. नोड फक्त टॉरवर ठेवला तर आजूबाजूचे सगळे शेजारी एकाच माणसाचे असण्याची शक्यता वाढते, आणि मग तो तुम्हाला हवं तेच दाखवू शकतो. खोटा ब्लॉक तो तुमच्या गळ्यात मारू शकत नाही, पण खरे ब्लॉक उशिरा पोचवू शकतो. म्हणून मी सहा महिन्यांनी आय-टू-पी हे दुसरं निनावी जाळंही जोडलं. बिटकॉइन कोअरमध्ये ते २०२१ च्या २२.० आवृत्तीपासून आहे. आता दोन्हीकडून जोडण्या असतात. टॉरलाही वाईट दिवस येतात. २०२२-२३ मध्ये त्यावर मोठे हल्ले झाले आणि ऑनियन पत्ते फार संथ चालायचे. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या ०.४.८ आवृत्तीत त्यावर उपाय म्हणून जोडणी मागणाऱ्याला आधी कोडं सोडवायला लावायची सोय आली. माझ्या चौदा महिन्यांत शेजाऱ्याचं उत्तर यायला अर्ध्या सेकंदापासून सेकंदभर लागतं, कधी जास्त. सरासरी दहा मिनिटांनी एक ब्लॉक येतो, तिथं सेकंदाचं काय.

घाबरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. माझा नोड टॉर वापरतो, टॉरचा शेवटचा थांबा होत नाही. दुसऱ्या कुणाचं ब्राउझिंग माझ्या घरच्या जोडणीतून बाहेर पडत नाही. आणि टॉर लावलं म्हणजे कर चुकला असं नाही. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, त्याच वर्षी जुलैपासून १ टक्का टीडीएस आहे, माझं सगळं रिटर्नमध्ये दाखवलेलं आहे. सरकारला जे सांगायचं ते मी सांगतो. अनोळखी सर्व्हरला सांगायचं नाही, एवढाच माझा आग्रह.

रोजचा वापर विचाराल तर लॅपटॉपवर स्पॅरो वॉलेट आहे, ते थेट कोनाड्यातल्या नोडला विचारतं. शिल्लक बघताना माझा एकही पत्ता घराबाहेर जात नाही. पाठवलेला व्यवहार टॉर किंवा आय-टू-पीमधून निघतो. हे इतकं शांतपणे चालतं की आठवडा आठवडा मी त्याकडे बघतही नाही.

पाचपैकी मी साडेचार देईन. अर्धा गुण परवानग्यांच्या त्या एका ओळीसाठी कापला, कारण पत्ता तयार झाला नाही हे नोडनं ठळक सांगायला हवं होतं, लॉगच्या ढिगात नव्हे. ज्याला लिनक्सची, आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडायचीच नाही त्यानं यात पडू नये, किंवा जवळ कुणीतरी येणारा धरावा. साखर पेठेत, भवानी पेठेत, दाजी पेठेत कुणी लावणार असेल तर मी येऊन बघून जाईन, डीएस३२३१ माझ्याकडे अजून चार आहेत. हे लिहिताना ब्लॉक ८ लाख ९१ हजारांच्या पुढे आहे आणि माझ्या ड्राइव्हवर जागा झपाट्यानं संपत चाललीय. २ टीबीची सांगून ठेवलीय. ती आली की एका रविवारी नोड बंद करून सगळं तिच्यावर उतरवणार, अण्णांना तसं आधी सांगितलंय, नाहीतर दिवा दिसला नाही की ते वर्कशॉपला फोन करतात.